उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर उभी असलेली मेसची पिकअप स्टार्टच होईना. धक्का मारायला अख्खी विंग! ड्रायव्हरमामा स्वतःच्या खिशातून नवी बॅटरी आणायला निघाले, सहा महिन्यांतली दुसरी. म्हटलं, मामा थांबा, आधी मीटर लावू.

बॅटरी चार्ज करून घेतली. चावी काढली, दारं लावली, निगेटिव्ह केबल सोडवली आणि केबल व टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअर रेंजवर सिरीजमध्ये जोडला. (अशा वेळी सेल्फ मारू नका. स्टार्टर शंभरावर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज गेलाच समजा!) साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. आमचा आकडा ०.५ अँपिअर! म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. ६० ची बॅटरी पाच दिवसांत खलास.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. टेपचा काढताच आकडा ०.०२ वर. टेप बसवणाऱ्याने अॅम्प्लिफायर चालू करणारी वायर चावीच्या लाइनऐवजी थेट बॅटरीवर घेतली होती, त्यामुळे तो रात्रंदिवस चालूच. वायर बदलली, झालं. नव्या गाड्यांत मात्र रीडिंगआधी अर्धा तास थांबा, आतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत.

टेप काढायचा नाही, ही मामांची एकच अट होती.