'इस्टेट' शब्दाचा अर्थ आणि सर्वोच्च न्यायालय

राज्यघटनेतील शब्दाचा अर्थ अंतिमतः कोणी ठरवावयाचा, हा घटनाशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होय. अमेरिकेच्या घटनेत न्यायालयाला कायदे रद्द ठरविण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो घटनेच्या स्वरूपावरूनच निष्पन्न केला. भारतीय घटनेत मात्र कलम १३ व कलम ३२ यांनी तो आरंभापासूनच मान्य केला आहे. असे असूनही अर्थनिर्णयाच्या कामी भारतातील न्यायालयाचा शब्द अमेरिकेतील न्यायालयाच्या शब्दाइतका अखेरचा ठरलेला दिसत नाही. या भेदाचे स्वरूप ध्यानात येण्यास अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील ऊसजमिनींचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या कालव्यांमुळे कोपरगाव, श्रीरामपूर या भागांत बागायत वाढली आणि साकरवाडी, हरेगाव, टिळकनगर येथे खाजगी साखर कारखाने उभे राहिले. उसासाठी कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. त्यात जमीन 'धारण करणे' म्हणजे मालक या नात्याने अथवा कूळ या नात्याने कायदेशीर ताब्यात असणे, अशी व्याख्या आहे. तेव्हा खंडाची जमीनही कंपनीच्या धारणेत मोजली गेली. ती अतिरिक्त ठरून शासनाकडे आली आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात गेली. कायद्याचा रोख मोठ्या धारकावर होता. पण एका क्रियापदाच्या व्याख्येमुळे मूळचा लहान खंडकरीही जमिनीला मुकला.

अशा कायद्यांना घटनेचा आधार कोणता? १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कलम ३१-अ घातले. 'इस्टेट' संपादन करणारा कायदा मूलभूत हक्कांचा भंग होतो या कारणास्तव रद्द ठरणार नाही, असा त्याचा आशय होता. 'इस्टेट' शब्दाची एकच व्याख्या मात्र घटनेने केली नाही. त्या त्या प्रदेशातील जमीनधारणेच्या प्रचलित कायद्यात त्या शब्दाला अथवा त्याच्या स्थानिक पर्यायाला जो अर्थ असेल तोच येथे घ्यावा, असे सांगितले. म्हणजे घटनेने आपल्या एका शब्दाचा कोश प्रांतोप्रांतीच्या महसुली कायद्यांकडे सोपविला.

याचा परिणाम लवकरच दिसून आला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात 'इस्टेट' म्हणजे जमिनीतील कोणताही हितसंबंध, अशी व्यापक व्याख्या होती. त्यामुळे १९५८ साली श्रीराम रामनारायण मेढी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रयतवारीतील जमीनही 'इस्टेट' ठरविली आणि मुंबईच्या कूळकायद्याची १९५६ ची दुरुस्ती वैध राहिली. नगर जिल्हा याच व्याख्येच्या कक्षेत येत होता. उलट १९६१ साली कुन्हीकोमन खटल्यात, पूर्वी मद्रास प्रांतात असलेल्या कासरगोड भागातील रयतवारी जमीन 'इस्टेट' नव्हे, असा निर्णय झाला; कारण मद्रासच्या कायद्यात तो शब्द जमीनदारी स्वरूपाच्या धारणांपुरताच होता. केरळचा भूसुधारणा कायदा तेवढ्या जमिनींपुरता कोसळला. घटना एक, शब्द एक, न्यायालयही एकच. परंतु अर्थ दोन.

न्यायालयाच्या या अर्थाला संसदेने १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने उत्तर दिले. रयतवारी जमीन आणि शेतीसाठी धारण केलेली कोणतीही जमीन 'इस्टेट' या शब्दात अंतर्भूत करण्यात आली. शिवाय महाराष्ट्राच्या १९६१ च्या कायद्यासह ४४ कायदे नवव्या परिशिष्टात घालून त्यांना कलम ३१-ब चे संरक्षण देण्यात आले. या संरक्षणाची व्याप्ती किती, हा प्रश्न नगर जिल्ह्यातूनच पुढे आला. साकरवाडी व लक्ष्मीवाडी येथील जमिनींशी संबंधित गोदावरी शुगर मिल्स खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व मांडले की, परिशिष्टात समाविष्ट झालेल्या कायद्यात मागाहून केलेल्या दुरुस्तीला हे संरक्षण आपोआप लाभत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सुटला. तेथील पाचव्या दुरुस्तीनुसार खाजगी मालमत्ता 'सार्वजनिक उपयोगा'साठी आणि न्याय्य मोबदला देऊनच घेता येते. हवाई बेटांवर १९६०-७० च्या दशकात ७२ खाजगी मालकांकडे सुमारे ४७ टक्के जमीन होती. भाडेपट्टेदारांना घराखालील जमिनीची मालकी मिळवून देणारा तेथील १९६७ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली एकमताने वैध ठरविला. जमीन एका खाजगी व्यक्तीकडून दुसरीकडे जात असली, तरी जमिनीची मक्तेदारी मोडणे हाही सार्वजनिक उपयोगच होय, असे त्याने मानले. घटनेतील अक्षर बदलले नाही, अर्थ विस्तारला. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांचे दोनतृतीयांश मत आणि तीनचतुर्थांश राज्यांची संमती लागत असल्याने तेथे अर्थविस्ताराचे बहुतेक काम न्यायालयालाच करावे लागते.

भारतात संसद शब्दच बदलू शकते. म्हणून न्यायालयाला एक पायरी वर चढून, बदलण्याच्या अधिकाराची मर्यादा कोणती, हे विचारावे लागले. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी घटनेची मूलभूत चौकट अबाधित राहिली पाहिजे असा निर्णय दिला. महाराष्ट्राच्या कमाल धारणा कायद्यातूनच उद्भवलेल्या वामनराव खटल्यात (१९८०) तीच तारीख सीमारेषा ठरली: तिच्यानंतर नवव्या परिशिष्टात आलेले कायदे या कसोटीवर तपासता येतात. २००७ साली कोएलो खटल्यात नऊ न्यायाधीशांनी हे तत्त्व दृढ केले.

खंडकऱ्यांना दीर्घ आंदोलनानंतर २०१२ पासून जमिनी परत मिळू लागल्या. पण त्या कायद्यातील दुरुस्तीने, 'धारण करणे' या शब्दांच्या नव्या न्यायालयीन अर्थाने नव्हे. अर्थनिर्णयाचा अधिकार न्यायालयाचा, शब्दयोजनेचा अधिकार विधिमंडळाचा आणि त्या योजनेच्या सीमेचा निर्णय पुन्हा न्यायालयाचा, अशी ही त्रिविध रचना आहे. कायद्यातील व्याख्येचा अभ्यास हा केवळ शब्दांचा अभ्यास नव्हे; तिच्या एका बाजूला कोणाचे तरी शेत असते.