चार की सात?

आवणीच्या दिवसांत आत्याला घरी बसलेलं मी यंदा पहिल्यांदा पाहिलं. खालापूर तालुक्यातल्या आमच्या खाचरांत तिचे तीस-चाळीस पावसाळे गुडघाभर चिखलात गेले. मधुमेह बारा वर्षांचा. आता रात्र झाली की तळपायांना इंगळ्या डसतात, चादर लागलेलीही सहन होत नाही. शेवटी तिला कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आगीवर गोळी दिली. काही दिवसांनी पुन्हा दाखवायला गेलो.

डॉक्टरांनी आधी तळवे उजेडात धरले. डाव्या टाचेत काटा मोडून बसला होता, भोवतीची कातडी काळी पडली होती. आत्याला पत्ताच नव्हता. रात्रभर जळणारा पाय काट्याबद्दल मात्र अवाक्षर बोलला नव्हता. वाढलेली साखर सर्वांत लांब नसांना आधी गाठते, म्हणून सुरुवात पायांपासून होते. काही तंतू मुके होतात, तर काही उगीचच आगीची वर्दी देत राहतात. त्यामुळे एकच पाय बधिरही असतो आणि जळतही असतो.

"मावशी, डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."

डॉक्टरांच्या हातात नायलॉनचा एक जाड धागा होता. तो कातडीवर सरळ टेकवून दाबला की बरोबर 10 ग्रॅम भाराला वाकतो. अंगठा, चवड्याच्या गाद्या असं करत धागा फिरला. घट्टे त्यांनी टाळले. मध्येच एकदा धागा न टेकवताच थांबले, तरी आत्या "हो" म्हणाली. डॉक्टरांनी काही न बोलता ती जागा पुन्हा तपासली. मग सेकंदाला 128 कंपनांचा नादकाटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला. नादकाटा थरथरत होता, आत्याचा चेहरा कोराच होता.

शेवटी प्रश्न आला : "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती?"

"चार," आत्या लगेच म्हणाली.

साखर रक्तात मोजता येते. वेदना मोजायला रुग्णाच्या तोंडच्या आकड्याशिवाय दुसरं माप नाही. या दुखण्यावरच्या औषधांचं सगळं संशोधन त्या आकड्यावर उभं आहे. 2022 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत 130 रुग्ण होते. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन ही जुनीच औषधं तीन वेगवेगळ्या क्रमांनी, आधी एकेकटी आणि गरज पडली तर जोडीनं, 16-16 आठवडे देऊन पाहिली. सुरुवातीला वेदनेची सरासरी 6.6 होती, ती तिन्ही वाटांनी 3.3 वर आली. म्हणजे एका औषधानं पुरेसा उतार पडला नाही तर दुसरं जोडून पाहता येतं. हे कळलं ते रुग्णांनी आपले आकडे मन लावून नोंदवले म्हणून. औषध कोणतं हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू न देण्याची खबरदारी घेतात तीही याचसाठी. नुसत्या आशेनंही आकडा खाली येतो.

आपल्याकडे 15 जून 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची आधी सरकारी नोंदणी करणं बंधनकारक आहे. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत असावं लागतं आणि चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं. पण आपल्या माणसांचा भिडस्त स्वभाव कोणत्या नियमात बसवायचा?

कारण बाहेर आल्यावर मी विचारलं, "आत्या, खरंच चार?"

ती चपलेचा पट्टा चाचपत म्हणाली, "सात असंल रे. पण एवढा भला माणूस पाय हातात घेऊन बसला. त्याला कसं सांगायचं, तुझ्या गोळीनं फरक नाही म्हणून?"

माझ्या पोटात कालवलं. ही माया आहे, पण तिच्यापायी आत्याची गोळी चुकली असती. चाचणीत असा आकडा गेला तर पुढे हजारोंची चुकेल. रुग्णाला पहिल्याच भेटीत कुणीतरी सांगायला हवं : फरक नाही, हे उत्तरही आम्हाला तितकंच मोलाचं आहे.

आम्ही परत आत गेलो. डॉक्टरांनी चारवर रेघ मारली, सात लिहिलं आणि गोळी बदलली. मग म्हणाले, "मावशी, यानं आग कमी होईल, पण मुका झालेला पाय बोलायला लागणार नाही. आता रोज रात्री तळवे डोळ्यांनी बघायचे. अनवाणी खाचरात उतरायचं नाही."

त्या रात्री आत्यानं कंदील जवळ ओढला आणि मला हाक मारली, "बघ रे, काटाबिटा आहे का?"