गिअरचे दाते आणि धानाचा तालुका

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगाव हा तालुका धान, तलाव आणि जंगल या तिन्हींच्या आधाराने जगत आला आहे. नवेगावबांधचा जुना तलाव, गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आणि पाणी अडवून धान पिकविणाऱ्या बांध्या ही येथील उपजीविकेची मुख्य साधने असून, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता यांची त्यांना जोड मिळते. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगाचा या भूप्रदेशाशी वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. परंतु आयटीआयमधून फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट होऊन बाहेर पडणाऱ्या येथील तरुणापुढे शेतीबाहेरचे जे मोजके मार्ग असतात, त्यांतील एक ठळक मार्ग याच उद्योगाकडे जातो.

या मार्गाला दोन फाटे आहेत. पहिला फाटा नवेगावबांधवरून कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्गाला मिळतो आणि साकोली, लाखनी ओलांडून भंडारा जिल्ह्यातील गडेगाव येथील अशोक लेलँडच्या कारखान्यापाशी पोहोचतो. दुसरा फाटा रेल्वेचा आहे: गोंदियाहून सुटून नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे असा जवळजवळ अख्खा महाराष्ट्र पार करीत कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पूर्व विदर्भातील तरुणांना पुणे परिसरातील भोसरी, चाकणच्या औद्योगिक पट्ट्याकडे घेऊन जाते. पहिल्या फाट्यावर घर जवळ राहते, पण जागा थोड्या असतात; दुसऱ्या फाट्यावर जागा पुष्कळ असतात, पण पगाराचा मोठा हिस्सा खोलीभाडे आणि खानावळ यांतच संपतो.

गडेगावच्या कारखान्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९४८ मध्ये अशोक मोटर्स या नावाने स्थापन झालेली आणि १९५५ पासून अशोक लेलँड म्हणून ओळखली जाणारी ही कंपनी मुळात मद्रासजवळच्या एन्नोर येथे मालमोटारी आणि बसगाड्या बांधीत होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिने दक्षिणेबाहेर विस्तार केला, तेव्हा भंडाऱ्याच्या वाट्याला प्रामुख्याने गिअर आणि गिअरबॉक्स यांचे उत्पादन आले. इंजिनाची फिरकी चाकांपर्यंत पोहोचविताना वेग आणि जोर यांचे प्रमाण बदलणाऱ्या दातेरी चक्रांची पेटी म्हणजे गिअरबॉक्स होय. जर्मनीतील झेडएफ कंपनीच्या परवान्याखाली बनलेल्या सिंक्रोमेश गिअरबॉक्सशी या विस्ताराचा निकटचा संबंध होता. सिंक्रोमेश रचनेत, गिअर एकमेकांत अडकण्यापूर्वी एक शंकूच्या आकाराचे कडे घर्षणाने दोन्ही भागांचा वेग समान करते. त्यापूर्वीच्या गाड्यांत ही जुळवणी चालकाला क्लच दोनदा दाबून आणि इंजिनाच्या आवाजाचा अंदाज घेऊन स्वतःच करावी लागत असे. अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली आलेली ही सोय भारतीय मालमोटारींत रुळण्यास बरीच दशके जावी लागली.

या इतिहासापेक्षा अधिक लक्ष वेधून घेते ती गिअर घडविण्याची रीत, आणि ती गडेगाव असो, भोसरी असो वा छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज असो, मूलतः एकच आहे. सुरुवात होते ती ब्लँकपासून, म्हणजे तापलेले पोलाद ठोकून केलेल्या आणि लेथवर कातून गुळगुळीत झालेल्या बिनदात्यांच्या चकतीपासून. तिच्यावर दाते कापण्याचे काम हॉबिंग मशीन करते. हॉब हे दंडगोल आकाराचे कापणारे हत्यार असते. त्याच्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि त्या आट्यांना उभ्या खाचा पाडून धारा केलेल्या असतात. हॉब आणि ब्लँक दोन्ही एकाच वेळी फिरतात आणि त्यांच्या फिरण्याचे प्रमाण काटेकोर असते: एकच आटा असलेल्या हॉबने चाळीस दात्यांचा गिअर कापायचा असेल, तर हॉबचे चाळीस फेरे होईपर्यंत ब्लँकचा बरोबर एक फेरा झाला पाहिजे. हेरमान फाउटर या जर्मन तंत्रज्ञाने १८९७ मध्ये सरळ आणि तिरप्या अशा दोन्ही प्रकारच्या दात्यांसाठी या तत्त्वावरचे यंत्र सिद्ध केले आणि सव्वाशे वर्षांनंतरही गिअर उद्योग त्याच तत्त्वावर चालतो. जुन्या यंत्रांत हे प्रमाण बदली गिअरांच्या साखळीने राखले जाई, म्हणजे गिअर कापण्यासाठी आधी अचूक गिअर हाताशी असावे लागत. आता सीएनसी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीवर चालणाऱ्या यंत्रात, तेच काम विद्युत मोटारी करतात.

हॉबिंगच्या विभागात दोन प्रकारचे कामगार असतात आणि त्यांच्यातील फरक समजला की या उद्योगातील नोकरीचे मर्म समजते. ऑपरेटर ब्लँक यंत्रावर चढवतो, आवळतो, बटण दाबतो, कापून झालेला नग उतरवतो, त्याच्या कडांवर राहिलेली बर्र, म्हणजे धातूची धारदार कोर, काढतो आणि ठरलेल्या अंतराने माप घेतो. ठरावीक वेळेत एक नग या हिशेबाने दिवस चालतो आणि या ठरावीक वेळेला सर्वत्र सायकल टाइम म्हणतात. सेटर हा त्याच्या वरचा कारागीर असतो. एका प्रकारचा गिअर संपून दुसरा सुरू करायचा झाला, की हॉब बदलणे, त्याचा कोन लावणे, तो ज्या दांड्यावर बसतो तो दांडा डायल इंडिकेटर, म्हणजे सूक्ष्म हालचाल दाखविणारे मापक, लावून डगमगत नाही ना हे पाहणे आणि पहिला नग तपासणीतून बरोबर काढून देणे ही त्याची जबाबदारी असते. येथे मोजमाप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालते. वहीचा साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, तर हॉबच्या दांड्याचा दहा-पंधरा मायक्रॉनांचा डगमगाटही दात्याच्या आकारात उतरतो. धार बोथट होऊ लागली हे कसलेला सेटर माप बिघडण्याआधीच ओळखतो, कारण कापण्याचा आवाज जड होतो, चिपांचा, म्हणजे धातूच्या कपच्यांचा, रंग बदलतो आणि कडांवरची बर्र वाढते. ही ओळख कोणत्याही तक्त्यात पूर्णपणे लिहून ठेवता येत नाही. ती अनेक हॉब झिजताना पाहिल्यावरच अंगी येते.

हॉबिंगनंतर शेव्हिंग येते, ज्यात बारीक खाचांचे दातेरी हत्यार दात्यांवरून फिरून मिलिमीटरचे काही शतांश खरवडून काढते आणि पृष्ठभाग सुधारते. त्यानंतरची पायरी सर्वांत हट्टी असते. गिअरच्या दात्याला वरून कठीणपणा हवा असतो, म्हणजे तो झिजत नाही, आणि आतून चिवटपणा हवा असतो, म्हणजे तो धक्क्याने तुटत नाही. एकाच पोलादात हे दोन गुण आणण्यासाठी गिअर कार्बनयुक्त वायू असलेल्या भट्टीत ९०० ते ९५० अंश सेल्सिअस तापमानात काही तास ठेवले जातात. पृष्ठभागात साधारण एक मिलिमीटर खोलीपर्यंत कार्बन मुरतो, आणि मग ते तेलात बुडवून झटकन थंड केले की तेवढाच थर अत्यंत कठीण होतो. या क्रियेला कार्बुरायझिंग आणि हार्डनिंग म्हणतात. परंतु तेलात शिरताना गिअरचा प्रत्येक भाग सारख्या वेगाने थंड होत नाही, त्यामुळे तो किंचित वाकतो, फुगतो आणि तिरप्या दात्यांचा कोन थोडासा उलगडतो. ही विकृती पूर्णपणे टाळता येत नाही. दात्यांना शेवटी घासून आकार द्यावा, म्हणजे ग्राइंडिंग करावे, तर खर्च वाढतो. म्हणून पुष्कळ कारखाने हार्डनिंगमध्ये आकार किती बिघडेल याचा अंदाज बांधून आधीच्या शेव्हिंगमध्ये तेवढी उलटी चूक मुद्दाम ठेवतात. भट्टीत गिअर टांगण्याची पद्धत बदलली, तेलाचे तापमान बदलले किंवा पोलादाचा घाण बदलला, तरी हा अंदाज चुकू शकतो. घाण म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेला पोलादाचा साठा. भट्टी सांभाळणारा कामगार, प्रयोगशाळेत नमुना कापून कठीण थराची खोली मोजणारा तंत्रज्ञ आणि शेव्हिंगचा सेटर या तिघांचे एकमेकांशी बोलणे चालू असेल तरच दाते नीट जुळतात आणि गाडी गुरगुरत नाही.

या कामाची शारीरिक बाजूही सांगितली पाहिजे. बहुतेक गिअर कारखाने तीन पाळ्यांत चालतात आणि भट्ट्या तर थांबवताच येत नाहीत, कारण त्या थंड करून पुन्हा तापविण्यात वेळ आणि इंधन दोन्ही वाया जातात. मे महिन्यात पूर्व विदर्भाचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना भट्टीजवळची पाळी कशी जात असेल, हे सांगण्याची गरज नाही. यंत्रांजवळ तेलाचे सूक्ष्म तुषार हवेत असतात, हातांच्या कातडीला कटिंग ऑइलचा त्रास होतो, आणि आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आवाजाची कमाल मर्यादा कारखान्यांना पाळावी लागते. शेतकरी कुटुंबातील कामगाराला आणखी एक ताण असतो: जुलैमधील रोवणी आणि दिवाळीच्या सुमाराची धानकापणी या दोन्ही वेळी घरात हात कमी पडतात, आणि पाळीचा तक्ता मात्र धानाचे वेळापत्रक पाहून तयार होत नाही.

तथापि उष्णता, आवाज आणि पाळ्या यांच्याशी माणूस जुळवून घेतो. या उद्योगाची खरी अडचण नोकरीच्या स्वरूपात आहे. भारतीय वाहन सुटे भाग उद्योगाची उलाढाल २०२३-२४ मध्ये सुमारे ६.१४ लाख कोटी रुपये होती, परंतु या वाढीबरोबर कायम नोकऱ्या त्याच प्रमाणात वाढल्या असे म्हणता येत नाही. वार्षिक उद्योग पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये देशातील कारखान्यांतील दर दहा कामगारांपैकी सुमारे चार कंत्राटी होते, म्हणजे त्यांची नेमणूक कारखान्याने नव्हे तर ठेकेदाराने केलेली होती. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांचे प्रमाण अडीच ते पंधरा टक्के ठेवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांचे किमान मासिक विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरले. ही व्यवस्था मुळात शिकविण्यासाठी आहे, आणि जेथे ती तशी राबविली जाते तेथे उत्तम कामगार घडतात. परंतु अनेक ठिकाणी शिकाऊ उमेदवाराला एकाच यंत्रावर ब्लँक चढविणे आणि उतरविणे एवढेच काम वर्षभर मिळते, मुदत संपताच त्याच्या जागी नवा उमेदवार येतो, आणि जुना दुसऱ्या कारखान्यात पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो. ऑपरेटरचे काम काही आठवड्यांत शिकता येते, सेटर होण्यास वर्षे लागतात. त्यामुळे नोकरीची मुदत जितकी आखूड, तितकी सेटर होण्याची शक्यता कमी. उद्योगाला कुशल माणसे मिळत नाहीत ही तक्रार आणि तरुणांना टिकाऊ काम मिळत नाही ही तक्रार, दोन्हींचे मूळ येथे आहे.

दुसरी अडचण बाजाराची आहे. मालमोटारींचा बाजार पाठोपाठ येणाऱ्या चढउतारांचा असतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींची भारवहनाची मर्यादा वाढविली, त्यामुळे आहे त्या गाड्यांतच जास्त माल नेता येऊ लागला. पाठोपाठ अर्थव्यवस्था मंदावली, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण मानके लागू झाली आणि त्याच सुमारास टाळेबंदी आली. देशातील व्यावसायिक वाहनांची विक्री २०१८-१९ मध्ये सुमारे १०.०७ लाख होती, ती २०१९-२० मध्ये ७.१७ लाखांवर आणि २०२०-२१ मध्ये ५.६८ लाखांवर घसरली. अशा घसरणीत कायम कामगाराची पाळी कमी होते, पण कंत्राटी कामगाराचे फाटकच बंद होते. दीर्घ पल्ल्यात विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांचा प्रश्न आहे: विद्युत मोटार थांबलेल्या स्थितीतूनच पूर्ण जोर देते, म्हणून अशा बहुतेक गाड्यांना अनेक टप्प्यांचा गिअरबॉक्स लागत नाही. गिअर पूर्णपणे जाणार नाहीत, पण त्यांची संख्या घटेल आणि उरलेले अधिक अचूक व कमी आवाजाचे असावे लागतील. म्हणजे साध्या ऑपरेटरची गरज कमी होईल आणि सेटर, ग्राइंडिंगचा कारागीर व मापनतज्ज्ञ यांची वाढेल.

तिसरी अडचण प्रदेशाची आहे. पुणे किंवा वाळूज येथे मोठ्या कारखान्याभोवती हत्यारांना धार लावणारी, यंत्रावर नग घट्ट धरणारी फिक्स्चर बनविणारी, कातकाम करणारी शेकडो छोटी वर्कशॉप उभी राहिली. एक नोकरी सुटली तर कामगाराला दोन गल्ल्या सोडून दुसरी मिळते आणि कसब हातात टिकते. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात असे दाट जाळे तयार झाले नाही. साकोलीजवळ मुंडीपार येथे २०१३ मध्ये कोनशिला बसलेला भेल या सरकारी कंपनीचा प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला, हे या पट्ट्याच्या औद्योगिक आशांचे जुने दुखणे आहे. एकच मोठा कारखाना असलेल्या भागात तेथून बाहेर पडलेल्या माणसाला आपले कौशल्य घेऊन पुन्हा महाराष्ट्र एक्स्प्रेसच गाठावी लागते.

या परिस्थितीत अर्जुनी मोरगावच्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी सुट्या भागांच्या कारखान्यात जाण्याआधी केवळ मासिक रकमेचा आकडा न पाहता तीन गोष्टी विचाराव्यात: नेमणूक कारखान्याची आहे की ठेकेदाराची, शिकाऊ मुदतीत किती विभागांत काम दिले जाईल, आणि यंत्राची सेटिंग व मापन शिकविण्याची लेखी तरतूद आहे काय. आयटीआयनेही उमेदवार पाठविताना हीच चौकशी केली पाहिजे आणि परत आलेल्यांचे अनुभव नोंदवून पुढच्या तुकडीपुढे ठेवले पाहिजेत. ज्या कारखान्यात या तिन्ही प्रश्नांना स्पष्ट उत्तर मिळते, तेथील कमी रकमेची जागाही अधिक रकमेच्या पण बटण दाबण्यापुरत्या जागेपेक्षा चांगली समजावी.