वाटीभर मेंदू गेला कुठे?

चॅटजीपीटीच्या मदतीने निबंध लिहिणाऱ्यांच्या मेंदूत हालचाल कमी दिसते, ही एमआयटीच्या मीडिया लॅबची जून २०२५ मधली बातमी तुम्ही वाचली असेलच. प्रयोगात माणसं ५४ होती आणि बातमी फुटली तेव्हा संशोधन इतर तज्ज्ञांच्या नजरेखालून जायचं होतं, एवढं लक्षात ठेवलेलं बरं. पण त्या बातमीच्या शेपटाला बांधून दुसरी एक जुनी बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली: गेल्या तीन हजार वर्षांत माणसाचा मेंदू आक्रसला! खाली मामांनी लिहिलं, ‘म्हणूनच हल्लीच्या पोरांना सव्वाकी येत नाही.’

मामा एक्क्याऐंशी वर्षांचे. बार्शीला भुसाराचं दुकान होतं. त्यांच्याशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून हा लेख.

आधी आकडा. हिमयुगाच्या उत्तरार्धात युरोपात राहणाऱ्या माणसाच्या कवटीत साधारण १५०० घन सेंटिमीटर मेंदू मावत होता, आज सरासरी १३५० च्या आसपास मावतो, असं मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत बरीच वर्षं लिहिलं जातं. म्हणजे फरक दीडशेचा, आमटीच्या एका वाटीएवढा. मात्सिए हेनेबर्ग यांनी १९८८ मध्येच हा उतार कागदावर मांडला होता. गाजावाजा झाला तो २०२१ मध्ये, जेरेमी देसिल्वा आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाने. त्यांनी ९८५ कवट्यांची मापं एका रेषेवर लावली आणि उतार तीन हजार वर्षांपूर्वी सुरू झाला असं सांगितलं. कारण म्हणून त्यांनी मुंग्या आणल्या. वारुळात कामं वाटलेली असतात, एकेका मुंगीला सगळं यावं लागत नाही. माणसाचंही तसंच झालं. ज्ञान गावात साठलं, लिहून ठेवता आलं आणि खर्चिक मेंदूला काटकसर परवडली. खर्चिक म्हणजे किती? शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के आणि ऊर्जेच्या बिलात वीस.

कल्पना देखणी आहे. देखण्या कल्पनांची मला भीती वाटते.

पुढच्याच वर्षी ब्रायन विलमोर आणि मार्क ग्राबोव्स्की यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली. तिचा आवाका ९८ लाख वर्षांचा, आणि निम्म्याहून जास्त कवट्या मात्र शेवटच्या शंभर वर्षांतल्या! समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याची पाहणी करायची आणि निम्म्याहून जास्त मोजमापं आमण्याकडच्या शेवटच्या सात मीटरांत घ्यायची, असा हा प्रकार. मापं वेगळ्या रीतीने मांडून पाहिल्यावर तीन हजार वर्षांपूर्वीचा उतार त्यांना सापडलाच नाही. देसिल्वांचा गट २०२३ मध्ये परत आला: मेंदू लहान झाला हे नक्की, वाद आहे तो कधी आणि का एवढाच. तर मामा, वादाची सद्यस्थिती ही अशी.

मुळात कवटी मोजतात कशी? जुनी रीत आपल्या फोडणीच्या डब्यातली आहे. कवटी उलटी धरायची. मान जिथे जोडलेली असते तिथे तळाला मोठं भोक असतं, त्यातून मोहरी ओतायची. डोळ्यांच्या खोबणीकडची फटी-भोकं कापसाने बुजवायची, नाहीतर मोहरी टेबलभर. मग कवटी हलवायची, ठोकायची, बसलेल्या मोहरीवर आणखी ओतायची आणि शेवटी सगळी मोजपात्रात रिती करायची. डब्यात रवा भरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की दोनदा आपटला की आणखी मूठभर मावतो. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टनने शेकडो कवट्या अशाच बियांनी भरल्या. दर वेळी माप वेगळं येतंय असं दिसल्यावर तो शिशाच्या छऱ्यांकडे वळला. स्टीफन जे गूल्ड यांनी १९८१ मध्ये आरोप केला की गोऱ्यांच्या कवट्यांमध्ये त्याचा अंगठा नकळत जोरात दाबला गेला असावा. २०११ मध्ये काही अभ्यासकांनी त्याच कवट्या पुन्हा मोजल्या, तर मॉर्टनची मापं बहुतांशी बरोबर निघाली. मापं बरोबर, पण त्यावरून कुठला वंश वरचा आणि कुठला खालचा हे ठरवण्याची विद्या मात्र पार खोटी. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे, आणि ते आपल्याकडच्या एका बाईंनी शंभर वर्षांपूर्वी हात लावून पाहिलं होतं.

इरावतीबाई कर्वे म्हटलं की आपण ‘युगान्त’पाशी जाऊन थांबतो. त्यांची बर्लिनची वर्षं त्यामानाने झाकलेली राहिली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही ऐन विशीतली मुलगी तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत दाखल झाली. सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांचा, परदेशी जाण्याला विरोध होता. नवरा पाठीशी होता आणि पैसे जीवराज मेहतांनी कर्जाऊ दिले होते. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशविचाराचा पुढे नाझींनी आधार घेतला. फिशरना एक गोष्ट सिद्ध करून हवी होती. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, कारण त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, आणि म्हणून ते अधिक तर्कशुद्ध. काम साधं होतं: कवट्या घ्या, मोजा, आम्ही म्हणतो ते दाखवा.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. संग्रहात वसाहतींमधून आणलेल्या कवट्याही होत्या. कुणाच्या तरी थडग्यातून, कुणाच्या तरी गावातून उचलून बोटीने आणलेल्या. गुलाम देशातून आलेली एक मुलगी त्या हातात घेऊन बसते आहे, हे चित्र मला काही केल्या डोक्यातून काढता येत नाही. डावी-उजवी बाजू मोजून, सरासऱ्या काढून तिने लिहिलं की कवट्या थोड्या वाकड्या असतात, पण सगळ्यांच्याच असतात. त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. स्वतःच्या गुरूच्या संस्थेत, त्याच्याच टेबलावर बसून.

मोजपट्टी मात्र त्यांनी टाकली नाही. भारतात परतल्यावर डेक्कन कॉलेजातून गावोगाव फिरून त्यांनी माणसांची डोकी, नाकं, उंची मोजली. आज ते वाचताना थोडं अवघडायला होतं. माप घ्यावं आणि मापाला नको ते बोलायला लावू नये, हा तोल त्यांना किती साधला यावर अभ्यासकांत मतभेद होऊ शकतात. पण आज कवटीवरून बुद्धीचा भाव काढणाऱ्या बातमीदारांपेक्षा नक्कीच जास्त साधला.

आता बातमीतलं ‘तीन हजार वर्षांपूर्वी’ म्हणजे नक्की कधी? स्टॅनफर्डचे जेराल्ड क्रॅबट्री यांनी २०१२ मध्ये पैज लावली होती की इसवी सन पूर्व १००० मधला अथेन्सचा सामान्य नागरिक आज अवतरला, तर तो आपल्यातल्या सर्वांत बुद्धिमानांत गणला जाईल. बुद्धीला हजारो जनुकं लागतात, त्यांत बिघाड साठत जातो आणि सुरक्षित जगण्यात तो चाळला जात नाही, असा त्यांचा युक्तिवाद. जनुकशास्त्राचं जनुकशास्त्रज्ञ बघतील, पण इतिहास? इसवी सन पूर्व १००० मध्ये अथेन्सला सॉक्रेटिस नव्हता, प्लेटो नव्हता, रंगभूमी नव्हती. मायसिनी राज्यं कोसळल्यानंतर ग्रीकांची लिपीसुद्धा हरवलेली होती. पैज लावताना प्राध्यापकांनी पाचशे वर्षं आधीचं दार ठोठावलं.

त्याच सुमाराला घोडनदीच्या काठावर इनामगाव नांदत होतं. पुण्याहून शिरूरच्या बाजूला गेलात तर जागा बघता येते. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षं तिथे उत्खनन केलं. पुराचं पाणी वळवायला कालवा आणि बांध घालणारी ही माणसं. मेलेल्या लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून घराच्या जमिनीखाली पुरायची. मोठ्यांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडायची. भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून, असा उत्खननकर्त्यांचा कयास. इसवी सन पूर्व १००० च्या सुमारास हवा कोरडी होत गेली, शेती खालावली आणि ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, असं ते सांगतात. मेंदू लहान झाला की पोटाला कमी मिळालं? दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, आणि शरीर खुरटलं की डोकंही लहान राहतं.

मला तर पोटाचाच संशय जास्त आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमच्या रहिवाशांवर १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या पाळत ठेवणारा हृदयरोगाचा प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यातल्या तीन हजारांहून अधिक जणांचे एमआरआय तपासून चार्ल्स डिकार्ली यांच्या गटाने २०२४ मध्ये जाहीर केलं की १९३० च्या दशकात जन्मलेल्यांचा मेंदू सरासरी १२३४ मिलिलिटर होता, १९७० च्या दशकातल्यांचा १३२१. चाळीस वर्षांत अर्ध्या वाटीहून जास्त वाढ! जनुकं एवढ्यात बदलत नाहीत. बालपणीचं खाणं, आरोग्य आणि शिक्षण बदललं. ही बातमी आमच्या ग्रुपवर आली नाही.

लांडग्यापेक्षा कुत्र्याचा मेंदू लहान असतो, तसा माणूसही स्वतःलाच पाळून मवाळ झाला, असं रिचर्ड रँगम यांच्यासारखे अभ्यासक सुचवतात. असेलही. पण मालकाच्या पिशवीत बिस्किटं आहेत का हे लांडग्याला कळत नाही, कुत्र्याला कळतं. आणि बुद्ध्यांक? जेम्स फ्लिन यांनी दाखवलं की विसाव्या शतकात तो दर दशकाला तीनेक गुणांनी चढला. नॉर्वेत १९७५ नंतर जन्मलेल्या मुलांत तो उतरलेला दिसला, तोही सख्ख्या भावाभावांत. एका घरातला उतार आनुवंशिक ऱ्हासाचा असू शकत नाही. शाळा, घर, करमणूक यांतच काहीतरी बदललं असणार.

म्हणजे मामांचा मुद्दा राहतोच. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी आणि औटकीसुद्धा येते. औट म्हणजे साडेतीन. सात औट किती, विचारलं तर चहाचा घोट गिळायच्या आत ‘साडेचोवीस’ येतं. मला कागद लागतो. पण हे पाढे कुणी कशासाठी पाठ करत होतं? रुपयाचे सोळा आणे, शेर-पायलीचं माप आणि सव्वा, दीड, अडीच असा भाव. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले, पाठोपाठ किलो आला आणि औटकीचं गिऱ्हाईक संपलं. मामांचा मेंदू माझ्यापेक्षा वाटीभर मोठा नाही. त्याला रोज गल्ल्यावर बसावं लागत होतं. चॅटजीपीटीने आपल्या पोरांच्या कुठल्या कामाचं गिऱ्हाईक संपवलं, हे बघायला कवटी उघडायची गरज नाही. त्यांची वही उघडली तरी पुरे.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ‘ते जाऊ दे, तुझा फोन माझं बोलणं टिपून ठेवतो का?’ त्यांनी विचारलं. पुढच्या रविवारी बार्शीला जाऊन मी औटकी त्यांच्या आवाजात टिपून घेणार आहे. तुमच्या घरी कुणाला येत असेल तर तुम्हीही घ्या. येणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.