युद्धकालीन जीपचे अस्सल भाग

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस नवघर, गोखिवरे, वालीव आणि सातिवली या गावांच्या शिवारांत गेल्या काही दशकांत जी औद्योगिक वस्ती दाटली, तिच्या गाळ्यागाळ्यांतून लेथ फिरत असतात, पत्रे दाबले जातात, साचे घडतात. परंतु पश्चिमेकडचा, चिमाजी आप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला पाहून परतणाऱ्या प्रवाशाला या कसबाची गंधवार्ताही नसते. इतिहास किल्ल्यात असतो आणि कारखान्यात केवळ माल असतो, अशी जी सोयीस्कर वाटणी आपण करून ठेवली आहे, ती निदान एका उद्योगापुरती तरी टिकत नाही. तो उद्योग म्हणजे जुन्या लष्करी वाहनाचा, विशेषतः दुसऱ्या महायुद्धातील जीपचा, जीर्णोद्धार. त्यात अभिलेखागारातील संशोधकाची चिकित्सा आणि खरादीचा हात यांपैकी एकाचीही उणीव चालत नाही.

पाव टन ओझे वाहणारी आणि चारही चाकांना शक्ती पोहोचणारी हलकी गाडी अमेरिकी सैन्याला तातडीने हवी झाली, तेव्हा पेनसिल्व्हेनियातील बँटम या छोट्या कंपनीने 1940 च्या सप्टेंबरात पहिला नमुना हजर केला. पण एवढ्याशा कंपनीला पुरवठा झेपेल असा भरवसा न वाटल्याने मुख्य मक्ता टोलेडोच्या विलिज-ओव्हरलँडकडे गेला आणि विलिजच्याच नकाशांवरून गाड्या बांधण्याचे काम फोर्डलाही मिळाले. 1945 पर्यंत विलिजची ‘एमबी’ साडेतीन लाखांहून अधिक, तर फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’ पावणेतीन लाखांहून अधिक बाहेर पडली. ब्रह्मदेशच्या आघाडीमुळे त्यांपैकी कितीएक हिंदुस्थानात आल्या आणि युद्ध सरल्यावर लिलावांतून ठेकेदार, मळेवाले व शिकारी यांच्या दारी गेल्या. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलिज गाड्यांची जुळणी आरंभिली, आणि त्याच कुळातील ‘सीजे-३बी’ तर या देशात कित्येक दशके तयार होत राहिली.

हे उपकारही आहेत आणि संकटही. सीजे-३बीचे चाकाच्या आसांमधील अंतर युद्धकालीन जीपप्रमाणेच 80 इंच असल्याने तिचे पुष्कळसे भाग थोड्याफार कानशीने जुन्या जीपला बसतात, आणि म्हणून मूळ भाग शोधण्याची तसदी मालकाने घेतलीच नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. 134 घन इंचांचे, दोन्ही झडपा बाजूस असलेले, साठ अश्वशक्तीचे मूळ इंजिन काढून त्या जागी पुढील काळातील उंच इंजिन, किंवा त्याहून वाईट म्हणजे डिझेल इंजिन बसवले जाई. मग सपाट बॉनेट मिटेना, म्हणून बॉनेटही बदलले जाई. सहा व्होल्टची वीजव्यवस्था जाऊन बारा व्होल्टची येई. अखेरीस जीप म्हणून जे उरे त्यात महायुद्धाचे नाव तेवढे शिल्लक असे.

म्हणून जीर्णोद्धाराचे पहिले काम पाना हाती घेण्याचे नाही, पारखण्याचे आहे. पहिली साक्ष सांगाड्याची. रेडिएटरखालील आडवा तुळवा गोल नळीचा असला तर चॅसिस विलिजची, आणि पत्रा वाकवून उलट्या पन्हळीसारखा केलेला असला तर फोर्डची, हा दाखला सहसा फिरत नाही. विलिजचा क्रमांक डाव्या तुळईच्या आतील बाजूस रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असे, फोर्डचा क्रमांक डाव्याच तुळईच्या माथ्यावर ठोकलेला असे. पट्टी निघून जाते, ठोकलेले अंक गंजाखालूनही वाचता येतात. फोर्डने चॅसिस आणि इंजिन यांना एकच क्रमांक दिला, विलिजने तसे बंधन पाळले नाही; तेव्हा विलिजच्या गाडीत क्रमांक जुळत नाहीत म्हणून हळहळणारा मालक व्यर्थ दुःख करतो. विलिजच्या आरंभीच्या सुमारे 25,000 गाड्यांची पुढची जाळी पट्ट्या जोडून केलेली होती. नऊ खाचांची, एकाच पत्र्यातून दाबून काढलेली जाळी ही फोर्डची युक्ती पुढे दोघांनीही स्वीकारली. शिवाय फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा वळणदार ‘एफ’ उमटवला होता. अमेरिकी सैन्याची ‘जी-503’ या संकेताची सुट्या भागांची यादी हाताशी असली, तर ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक विलिजचा आणि ‘जीपीडब्ल्यू’ने सुरू होणारा फोर्डचा, एवढे ज्ञान अर्धे काम करते.

येथे मात्र शुद्धतेच्या अतिआग्रहाबद्दल मला थोडे बोलावेसे वाटते. दोन्ही कारखान्यांचे भाग परस्परांना बसावेत हीच सैन्याची अट होती, आणि युद्धकाळात दुरुस्तीच्या तळावर जो भाग हाती येई तो बसवला जाई. तेव्हा फोर्डच्या सांगाड्यावर विलिजचे इंजिन सापडले, तर ते उपटून टाकण्यापूर्वी ते कोणत्या काळी तेथे आले याचा तपास करावा. 1944 साली कुणा सैनिकी कारागिराने बसवलेले इंजिन हे त्या गाडीच्या चरित्रातील एक अस्सल कलम आहे. 1975 साली बसवलेले डिझेल इंजिन तसे नाही, असे मानणारा माझा पक्ष आहे. त्यावर वाद होऊ शकतो.

वसईची हवा या कामाला अनुकूल नाही. खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला आतून खातो, आणि जीपच्या तळपत्र्याखालील आधारपन्हळींत मूळ कारखान्याने लाकडी ठोकळे भरलेले असल्याने ओल तेथेच मुरते. पत्रा वरून ठणठणीत दिसावा आणि खालून चाळणी झालेला असावा, हा प्रकार त्यामुळे नित्याचा. रंगाचे थर खरवडून पाहताना मात्र हीच गाडी बोलू लागते: सर्वांत वरचा नागरी रंग, त्याखाली भारतीय लष्कराचा हिरवा, त्याखाली अमेरिकी ऑलिव्ह. अवजारपेटीच्या आत किंवा डॅशवरील पट्ट्यांमागे हा शेवटचा थर अनेकदा जसाच्या तसा मिळतो, आणि रंगाच्या डब्यावरील नावापेक्षा तो अधिक विश्वसनीय होय.

भाग नवा घडवण्याची वेळ आली की गाळ्यातील कसब पुढे येते. झिजलेली पिन व्हर्नियरमध्ये धरली आणि माप 22.1 मिलिमीटर भरले, तर तेच माप लेथवाल्याला सांगणे ही घोडचूक होय. अमेरिकी कारखाना इंचात विचार करी, आणि सात अष्टमांश इंच म्हणजे 22.225 मिलिमीटर. झिजलेल्या वस्तूतून न झिजलेले माप काढायचे, म्हणून जेथे घर्षण पोहोचत नाही अशी टोके, सीलखालचा पट्टा, खोबणीची आतली कड शोधावी लागते. आट्यांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. तीन अष्टमांश इंच म्हणजे 9.525 मिलिमीटर; तेव्हा घाईचा कारागीर ढिल्या भोकात दहा मिलिमीटरचा टॅप फिरवतो, बोल्ट घट्ट बसतो आणि मूळ आटे कायमचे नष्ट होतात. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसलेल्या माणसांनी पान्यावर उभे राहून किती स्टड तोडले असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

ओतकामात आणखी एक फसगत ठरलेली. अस्सल भागच वाळूत दाबून साचा केला, तर धातू थिजताना आकसतो आणि नक्कल लहान येते; ओतीव लोखंडासाठी फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच वाढवून लाकडी नमुना करावा लागतो, शिवाय खरादून काढायचा धातू वेगळा धरावा लागतो. कोणते पोलाद होते हे ठाऊक नसेल, तर जाणता कारागीर ग्राइंडरच्या ठिणग्यांची लांबी आणि फाटे पाहून अंदाज बांधतो, मग खात्रीसाठी प्रयोगशाळेकडे जातो. फिलिपिन्समध्ये जीपची संपूर्ण नवी बॉडी तयार मिळते, आणि ज्याचा पत्रा पूर्ण गेला आहे त्याने ती घेण्यात गैर काही नाही. परंतु निम्मा मूळ पत्रा वाचत असेल तर तेवढाच ठिगळून घेणारा डेंटर मला अधिक मोठा कलावंत वाटतो. मूळ पत्रा स्पॉट वेल्डने जोडलेला होता. गॅसच्या जोडाची रेघ दिसली की मागून झालेली दुरुस्ती कळते.

आता अडचणीचा प्रश्न: नव्या बोल्टावर फोर्डचा ‘एफ’ ठोकावा काय? परदेशी असे बोल्ट विकत मिळतात आणि प्रदर्शनात मांडलेल्या गाडीवर ते शोभूनही दिसतात. माझ्या मते मापात, धातूत व आकारात नक्कल अस्सलाशी शक्य तितकी एकरूप असावी, परंतु नव्या भागाच्या न दिसणाऱ्या बाजूस वर्ष आणि घडवणाऱ्याची खूण असलीच पाहिजे. ती नसेल तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या संशोधकाच्या हाती आपण खोटा दस्तऐवज ठेवतो. चॅसिसवर क्रमांक नव्याने ठोकणे हा तर सरळ अपराध होय. 2021 पासून केंद्रीय मोटार नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आली असून, चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी त्या सवलतीस पात्र ठरत नाही. म्हणजे अस्सलपणाला आता सरकारी दफ्तरातही किंमत आली आहे.

ज्यांच्या वाडीत किंवा गोठ्यामागे अशी एखादी जीप ताडपत्रीखाली पडून असेल, त्यांना एकच विनंती: भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी आणि रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वीही तिची छायाचित्रे घ्या, प्रत्येक पट्टीवरील अंक उतरवून ठेवा आणि काढलेला एकही गंजका भाग, नवा बसवून झाल्यावरसुद्धा, चिठ्ठी बांधल्यावाचून ठेवू नका.