गोंदण, सैन्यभरती आणि क्षार

सालेकसा-देवरी परिसरातील वृद्ध गोंड स्त्रियांच्या हातापायांवर गोंदण दिसते. मृत्यूनंतर सोबत जाणारा हाच एक दागिना, अशी त्यांची श्रद्धा. नातवाने टॅटू काढला की मात्र घरात वाद होतो. आणि सैन्यभरती जाहीर होताच तो ‘क्षाराने काढून द्या’ म्हणत आपल्याकडे येतो.

येथे चिकित्सकाने सावध असावे. सुश्रुतांनी प्रतिसारणीय क्षाराच्या विषयांत तिलकालक, न्यच्छ, व्यंग सांगितले, गोंदण नव्हे. सुईने गेलेला रंग त्वचेच्या खोल थरात बसतो. क्षार तिथवर पोहोचविल्यास दग्धव्रण होतो व मागे व्रणवस्तू उरते. औषध विक्रेत्यांनीही या कामासाठी क्षार वा बिब्बा हाती देऊ नये. (बिब्ब्याचे फोड आपण सर्वांनी पाहिले आहेत.)

वस्तुतः सैन्याच्या नियमांत कोपर ते मनगट या भागाच्या आतील बाजूस व हाताच्या पाठीवर गोंदण चालते. गोंदणाची रूढी असलेल्या आदिवासी उमेदवारांस परंपरेनुसार शरीरावर अन्यत्रही मुभा आहे. तेव्हा आधी गोंदणाची जागा पाहावी, जमातीची चौकशी करावी. काढणे अटळच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडील लेसर. त्यासही महिनोन्‌महिने अंतराने अनेक बैठका लागतात, हे भरतीच्या आठ दिवस आधी आलेल्यास स्पष्ट सांगावे.