संडासात मोबाइल कशाला?
यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दारव्हा, आर्णीकडच्या अनेक खेड्यांत २०१४ नंतर, स्वच्छ भारत अभियानातून, घरोघरी संडास झाले. आता मोबाइलही आत जातो. उकिडवे बसले की पायांना मुंग्या येतात, माणूस लवकर उठतो. कमोडवर मात्र रील संपता संपत नाही. तिथे गुदद्वाराभोवतीच्या शिरांना खालून आधार नसतो. त्यांत रक्त साचते, मूळव्याध बळावू शकते. बोस्टनच्या एका रुग्णालयातली १२५ जणांची पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. संडासात फोन वापरणाऱ्यांना मूळव्याधीचा धोका ४६ टक्के अधिक आढळला. पाहणी लहान आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही. तरी पाच मिनिटांत उठावे हे बरे. शिवाय, बाहेर आल्यावर हात साबणाने धुतले जातात, फोन तसाच राहतो आणि जेवताना तोच पोराच्या हातात जातो.